जिताड्याचे बारा तुकडे

नियमकाका मासा खात नसत. मासाच काय, केकमध्ये अंडं आहे का हेसुद्धा ते विचारून घेत. आणि हाच माणूस रोज सकाळी सात वाजता आमच्या पुंगोलच्या धक्क्यावर गळ टाकून उभा असायचा. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात मोजे आणि बूट. मोजे घालून मासे पकडायला आलेला माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

मी अलिबागच्या बाजूची, खाडीकाठची. नवरा गेल्यावर मुलाने मला सिंगापूरला आणलं. मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत, सून मेधा तांजोंग पगार नावाच्या भागात बँकेत. तेराव्या मजल्यावर दिवसभर बसून मी काय करणार? खाली उतरून पाच मिनिटं चाललं की पाणी आणि पाण्यात पुढे गेलेला लाकडी धक्का. तिथे जाऊन बसायची. एका सकाळी या मोजेवाल्याच्या गळाला मासा लागला. त्याने तो ओल्या फडक्यात धरला, गळ सोडवला, मराठीत "माफ कर रे बाबा, जा आता" म्हणाला आणि दिला पाण्यात सोडून.

मी ओरडले, "अहो, जिताडा होता तो! डोकं फिरलंय का तुमचं?"

ते दचकले. मग हात पुसून नमस्कार केला. "आपण मराठी का? वा. याला जिताडा म्हणतात? इथे सियाकप म्हणतात. मला दोन्ही सारखेच, वहिनी. मी खात नाही."

"मग पकडता कशाला?"

"त्याला जरा कारण आहे," म्हणाले, आणि पुन्हा पाण्याकडे बघत उभे राहिले.

कारण मला आठवड्याने कळलं. नियमकाका मूळचे साताऱ्याकडचे, इथे एका कंपनीत अकाउंटंट होते. रिटायर झाले, बायको गेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. धक्क्यावर येऊन नुसते बसायचे. तिथे एक म्हातारा मलय मासे पकडायचा, समोरच्या उबीन बेटावर जन्मलेला. नमाजाची वेळ झाली की तो गळाची काठी यांच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, जरा धर. असं दोन वर्षं चाललं. मग म्हाताऱ्याचे गुडघे गेले आणि तो लेकीकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. जाताना काठी देऊन म्हणाला, धरून ठेव, इथे कोणी उभं नसलं की जागा जाईल. "म्हणून धरून उभा आहे," नियमकाका म्हणाले. "मासा लागतो तो अपघात." त्या दिवसापासून अपघाताचे मासे माझ्याकडे यायला लागले. "पकडायचं पाप माझं, मारायचं तुमचं," असं म्हणून ते पिशवी पुढे करायचे आणि तोंड दुसरीकडे फिरवायचे.

नियमकाका हे नाव आमच्या ब्लॉकमधल्या मराठी मंडळींनी ठेवलेलं. समोर मी त्यांना भाऊ म्हणायची. नाव ठेवण्यासारखं त्यांचं वागणंच होतं. सिंगापुरात वाटेल तिथे गळ टाकता येत नाही. ठरलेल्या थोड्या जागा, बाकी सगळीकडे मनाईची पाटी. म्हणून असलेली जागा ते देवघरासारखी ठेवायचे. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा बरोबर असायचा. लोकांनी टाकलेले गळ, तंगुसाचे, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याचे तुकडे, सगळं वेचून त्यात. मासे कापलेली जागा दिसली की बादलीभर पाणी ओतून घासायचे, शर्टाच्या बाह्या दुमडून. धक्क्यावर एक चिनी म्हातारा यायचा, जुना टॅक्सीवाला, मोठी गवती टोपी घालणारा. टोपीवाला अंकल. तो हसायचा, "बॉस, गव्हर्मेंट पे यू ऑर नॉट आह?" नियमकाका घासता घासता म्हणायचे, "नॉट येट."

त्यांचा सगळ्यात मोठा नियम म्हणजे काठी डोक्यावरून मागे नेऊन गळ फेकायचा नाही, खालून फेकायचा. कारण मागून माणसं चालतात, सायकली जातात. हे ते प्रत्येक नवीन माणसाला जाऊन सांगत, हात जोडून. निम्मे ऐकत. ऐकलं नाही तर नियमकाका त्याच्या मागे दोन हात अंतरावर जाऊन उभे राहायचे, आपलंच डोकं पुढे करून. मग तो माणूस आपोआप खालून फेकायचा. मी म्हणायची, "एक थोबाडीत द्या ना." ते म्हणायचे, "ते नियमात बसत नाही, वहिनी."

आणि एका रविवारी नेमके ते नव्हते. कोणीतरी डोक्यावरून गळ फेकला आणि तो मागून पळत जाणाऱ्या एका तरुण माणसाच्या कानात अडकला. रक्त आलं, अँब्युलन्स आली. पंधरा दिवसांत धक्क्यावर कागद लागला. मेधाने वाचून दाखवला. इथली मासेमारी बंद करण्याचा विचार आहे, रहिवाशांनी अमक्या दिवशी हॉलमध्ये येऊन आपलं म्हणणं मांडावं.

हे मी एकदा पाहिलं होतं. आमच्या गावात घरापासून खाडीपर्यंत पायवाट होती. सासूबाई त्या वाटेने गेल्या, मी गेले. मग दोन्ही बाजूंना मुंबईवाल्यांचे बंगले झाले आणि एक दिवस मधे कुंपण आलं. आम्ही बायका कोयते घेऊन गेलो. काय शिव्या घातल्या! सकाळी आम्ही शिव्या घालायचो आणि संध्याकाळी भिंत एक हात वर गेलेली असायची. आता खाडीवर जायचं तर अर्धा तास वळसा. म्हाताऱ्या बायकांनी जाणंच सोडलं.

हे मी नियमकाकांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "बंगलेवाल्याला कसली भीती वाटत होती?"

"त्याला कसली भीती? वाट आमची!"

"वाट तुमचीच. पण त्याला विचारलं होतं का?"

"नाही."

"मी विचारतो," म्हणाले. आणि कान फाटलेल्या त्या माणसाला शोधून काढून त्याच्याबरोबर कॉफी प्यायला गेले. तासभर बसले. परत आले ते खिशातला कागद चाचपत. "तो म्हणतो, मासे पकडा, पण मला धावताना खाली वाकायला लागू नये. एवढंच. आपण मागताना काय देणार तेही सांगायचं, वहिनी. धक्क्याची बाहेरची अर्धी बाजू गळवाल्यांना, आतली अर्धी चालणाऱ्यांना. खालून फेकायचं. गळ टाकायला पेटी. शनिवार-रविवार सकाळी दहानंतर बंद, कारण तेव्हा पोरं येतात."

"एवढं सगळं आपणच सोडायचं?"

"पाण्यापर्यंत जायला मिळालं पाहिजे. बाकी सगळं सोडू."

मग त्यांनी अर्ज लिहायला घेतला. त्यांची पद्धत अशी की इंग्रजीत लिहायचं, बाकावर माझ्या शेजारी बसायचं आणि एकेक वाक्य मराठीत सांगायचं. मला कळलं नाही की ते वाक्य खोडायचं. मी चौथी शिकलेली. ते याला चौथीची परीक्षा म्हणायचे. "तुम्हाला कळलं तर साहेबाला नक्की कळेल. साहेबाला वेळ कमी असतो." एकदा म्हणाले, "सामाजिक वारशाच्या जतनाच्या दृष्टीने."

"म्हणजे काय?"

"म्हणजे म्हातारी माणसं इथे येतात आणि एकमेकांशी बोलतात."

"मग तसं लिहा की."

त्यांनी लिहिलं. चार पानांचा अर्ज एका पानावर आला. टोपीवाल्या अंकलने सही केली, आणखी वीस-पंचवीस जणांनी केली. माझी सही घ्यायला आले तेव्हा मी म्हटलं, मला इंग्रजीत येत नाही. म्हणाले, मराठीत करा, सही कुठल्याही भाषेत सहीच असते. पण मी केली नाही. मुलाला विचारल्याशिवाय कागदावर नाव कशाला, असं वाटलं.

सभेच्या आधी ऑफिसातून एक मुलगी जागा बघायला आली. चिनी, लहानखुरी, भर उन्हात. नियमकाकांनी तिला एकेक गोष्ट दाखवली. मी पाण्याची बाटली पुढे केली तर ती हसून नको म्हणाली. मला वाटलं, पाण्यावर भागत नसेल.

इथे मी जे केलं ते लिहिते. आमच्याकडे सरकारी काम अडलं की साहेबाच्या घरी जिताडा जातो. त्याला कोणी वाईट म्हणत नाही. रिकाम्या हाताने कसं जायचं, एवढंच. दुसऱ्याच दिवशी नियमकाकांच्या गळाला चांगला चार किलोचा जिताडा लागला आणि पिशवी माझ्याकडे आली. मला वाटलं, वेळेवर आला. घरी कापला, आलं-लसूण, कोकमाचं आगळ, तिखट लावलं, तांदळाच्या पिठात घोळून तळला. मधले चांगले बारा तुकडे स्टीलच्या डब्यात भरले, डोकं आणि शेपूट घरी ठेवलं. एलआरटीच्या छोट्या गाडीत बसून त्या मुलीच्या ऑफिसात गेले. मला इंग्रजी शब्द येत होते तीन. मॅडम, जेटी, फिश. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "आंटी, कॅनॉट, कॅनॉट." आता आपल्याकडेही माणूस आधी नको नकोच म्हणतो. मी डबा ठेवला, नियमकाकांच्या अर्जाचा कागद त्याखाली सरकवला, म्हणजे कोणाकडून ते कळावं, आणि निघून आले. खूश होते.

तिसऱ्या दिवशी नियमकाका काठी न घेता धक्क्यावर आले.

"वहिनी, ऑफिसात डबा कोणी ठेवला?"

"मी. पोचला का? आवडला का तिला?"

ते बाकावर बसले. मग म्हणाले, "त्यांनी त्याची नोंद केली आहे. निर्णयाच्या आधी अर्जदाराकडून भेट. माझ्याकडे खुलासा मागितलाय." आणि थोड्या वेळाने, "किती तुकडे होते?"

"बारा. पण तुकडे कशाला मोजायचे?"

"खुलाशात लिहावं लागेल."

घरी मेधाने तर डोक्याला हात लावला. "आई, तुम्हाला कळतंय का, इथे याला काय म्हणतात? त्या मुलीची नोकरी गेली असती!" ते ऐकून मात्र मी गार पडले. मला धक्क्याची काळजी होती, त्या पोरीची मी केलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी नियमकाकांना म्हटलं, "भाऊ, लिहा की म्हातारी डबा चुकून विसरली. संपलं."

"नाही."

"एवढंसं खोटं."

"वहिनी, आपण त्यांना काय सांगतोय? आमच्यावर भरवसा ठेवा, कोणी बघत नसलं तरी आम्ही नियम पाळू. आणि सुरुवात खोट्याने करायची?" मग म्हणाले, "अर्जावर पहिलं नाव माझं आहे, म्हणजे ठपका माझ्यावर. मी आता सभेत बोलणार नाही, तसं लिहून दिलंय. तुम्ही बोला."

"मी? चौथी पास?"

"म्हणूनच. आणि पहिलं वाक्य डब्याचं."

"हॉलमधल्या लोकांना कुठे माहितीये डब्याचं? आपणच कशाला सांगायचं?"

"त्यांना माहीत नाही म्हणूनच."

मी त्या माणसाला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. चार दिवस जेवण गोड लागलं नाही.

सभेला मेधाने अर्धी रजा घेतली आणि माझं बोलणं इंग्रजीत सांगायला शेजारी उभी राहिली. मी तिला बजावलं, मी म्हणेन तेच सांगायचं, गोड करायचं नाही. हॉल भरलेला. तो कानवाला पुढच्या रांगेत. ती ऑफिसातली मुलगी टेबलाशी, माझ्याकडे न बघता. नियमकाका सगळ्यात मागे, हाताची घडी घालून. टोपीवाल्या अंकलने आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच टोपी काढलेली.

मी म्हणाले, "या मॅडमच्या ऑफिसात मी तळलेल्या माशाचा डबा ठेवला. बारा तुकडे. त्यांनी मागितला नव्हता, घेतलाही नाही. आमच्या गावात देतात म्हणून मी दिला. चूक माझी. मागे बसलेत त्या गृहस्थांची नाही. ते तर मासा खातही नाहीत."

मेधाने सांगितलं. मागून कोणीतरी हसलं, मग बरेच हसले. बाबागाडी घेऊन आलेली एक बाई मात्र हसली नाही. ती उठून म्हणाली, "तुम्ही पहिलाच नियम मोडलात. बाकीचे पाळाल यावर मी विश्वास का ठेवावा?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "मोडला तो मी मोडला. पण या हॉलमध्ये ते कोणाला माहीत नव्हतं. तुम्हाला सांगा असं ऑफिसाने म्हटलं नव्हतं. त्या माणसाने मला उभं करून सांगायला लावलं. असा माणूस धक्क्यावर असला तर तुमच्या पोराच्या कानाला गळ लागणार नाही." मग मी आमच्या गावच्या वाटेचं सांगितलं. म्हटलं, "तिथे आम्ही भांडलो आणि वाट गेली. इथे भांडायला आले नाही. अर्धा धक्का तुमचा, अर्धा आमचा. सहा महिने बघा. कोणी डोक्यावरून फेकताना दिसलं तर बंद करा. मनाईची पाटी लावायला मी स्वतः येईन."

तेव्हा ती ऑफिसातली मुलगी पहिल्यांदा बोलली. "रोज लक्ष कोण ठेवणार, आंटी?"

"मी. मला दुसरं काम काय आहे?"

मग तो कानवाला उठला. त्याने सांगितलं की गळवाल्यांपैकी एकच माणूस त्याच्या कानाची चौकशी करायला आला होता, आणि त्या माणसाचा अर्ज त्याला मान्य आहे. तो बसला. आमच्या हातात होतं तेवढं आम्ही केलं होतं.

निकाल महिन्याने आला. बाहेरची अर्धी बाजू चालू, सहा महिन्यांसाठी. नंतर दरवर्षी फेरविचार. अर्जातलं सगळं धरलं होतं. वर त्यांनी स्वतःचा एक नियम घातला, मासे धक्क्यावर कापायचे नाहीत. टोपीवाला अंकल कुरकुरला, पण त्याने सुरी घरी ठेवली. नवी पाटी लागली, तिच्यावर काठी खालून फेकणाऱ्या माणसाचं चित्र. मला वाचता येणारी सिंगापुरातली ती पहिली पाटी.

डबाही परत आला. घासलेला, आत एक कागद. डबा मिळाला अशी सही हवी होती. नियमकाकांनी पेन दिलं. या वेळी मी कोणाला विचारलं नाही. मराठीत सही केली, वेलांट्या नीट काढून.

मी रोज धक्क्यावर जाते. कोणी काठी डोक्यावर नेली की ओरडते, "अंकल, बिलो, बिलो!" हात जोडणं मला जमत नाही. नियमकाका म्हणायचे, "नियम तोच, आवाज तुमचा." पहिला फेरविचार झाला, दुसरा झाला, धक्का चालू राहिला. दुसऱ्यानंतर त्यांची मुलगी न्यायला आली. डोळे अधू झाले होते, एकटं राहणं शक्य नव्हतं. काठी त्यांनी टोपीवाल्याला दिली, म्हणाले, धरून ठेव. मला बिस्किटांचा डबा दिला. मी म्हटलं, "एकदा तरी जिताडा खाऊन जा." म्हणाले, "आता काय, वहिनी. सवय मोडेल." निघताना मागे वळून बघितलं नाही. मला बरं वाटलं, मला ते प्रकार आवडत नाहीत.

तिकडून दर रविवारी त्यांचा फोन यायचा. तब्येतीचं काही सांगायचे नाहीत, विचारायचेही नाहीत. एकच प्रश्न, "वाट उघडी आहे का?" मी म्हणायची, "उघडी आहे." मग टोपीवाल्याला काय लागलं, गळाची पेटी भरली का, एवढं बोलून ठेवायचे. यंदा एका रविवारी मुलीचा फोन आला. बाबा गेले, झोपेतच. मी तिला म्हटलं, त्रास झाला नाही ना, मग झालं. फोन ठेवून खाली गेले. टोपीवाल्याला सांगितलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि काठी घट्ट धरून उभा राहिला. मी डबा उघडून तंगुसाचे तुकडे वेचत बसले. त्या दिवशी बरेच होते.

आता पुन्हा फेरविचार आलाय. ती मुलगी बदलून दुसरीकडे गेली, नवीन साहेब आलाय. त्याला मागचं काही माहीत नाही, म्हणून सगळी हकीकत पहिल्यापासून लिहून द्यायची आहे. मेधा शनिवारी लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली. ती इंग्रजीत लिहिते, मला मराठीत सांगते. मला कळलं नाही की खोडायला लावते. पहिल्या दिवशी चिडली, दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, आई, बरं झालं हो, छोटं झालं. खाली पहिलं नाव माझं आहे, मराठीत.

सगळं लिहून झाल्यावर ती म्हणाली, "आई, त्या डब्याचं गाळू या ना. त्या ऑफिसात आता कोणाला आठवत असणार? नवीन माणूस उगीच बिचकेल."

"लिही," मी म्हटलं. "बारा तुकडे होते, तेही लिही."